त्या चढावर बाबांना दम लागला नाही

ही गोष्ट रात्रीची नाही. दुपारी पावणेतीन ते चार या वेळात घडलेली आहे, आणि ती खरी आहे.

किती खरी, ते आधीच सांगते. माझ्याकडे दोन सायकलींवरच्या कॉम्प्युटरच्या नोंदी आहेत. वेळ, वेग, चढ, हृदयाचे ठोके, सगळं सेकंदासेकंदाला. मी रसायनशास्त्र शिकले आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मोजता येत नाही अशा गोष्टीवर मी सहसा बोलत नाही.

आतापर्यंत चार जणांना सांगून झालं. चौघांनीही "साखर उतरली असेल" म्हणून विषय संपवला. आता समजावण्याचाही कंटाळा आलाय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या टेकड्यांमधले आमचे नेहमीचे रस्ते. एक गाडी जेमतेम जाईल एवढे अरुंद, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना छाटलेल्या झुडपांची कुंपणं. तापमान तीन अंश. पश्चिमेचा वारा.

आम्ही पाच जण होतो.

सगळ्यांत पुढे मर्व्हिन. वय अडुसष्ट, निवृत्त पोस्टमन. हे सगळे रस्ते त्याला पाठ. मग डिलिस, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, तोंडाने तिखट. मग ह्यू, मेंढ्यांचा व्यापारी, दरवाज्याएवढा रुंद. मग मी, ब्रायनी.

आणि माझे बाबा, क्लाइव्ह. एकसष्ट वर्षांचे.

मार्चमध्ये बाबांची बायपास झाली होती. त्यानंतर ग्रुपबरोबर ही त्यांची पहिलीच फेरी. हृदयाच्या दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, ठोके मिनिटाला एकशेवीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. छातीला पट्टा, हँडलवर कॉम्प्युटर. आकडा वर गेला की बीप वाजायचा आणि बाबा वेग कमी करायचे.

निघताना आईने मला दारात अडवलं होतं.

"ब्रायनी, तू त्यांच्या मागे राहायचंस. पुढे नाही. मागे."

"राहीन गं."

"शब्द दे."

मी दिला.

सकाळभर बीप वाजत होता. प्रत्येक चढाला. ह्यू ओरडायचा, "वाजला बघा क्लाइव्हचा गजर! उठा, शाळेला उशीर होतोय!" बाबा मागून त्याला शिवी हासडायचे. माथ्यावर सगळे थांबायचे. चालू होतं मजेत.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे.

वळणावळणाच्या रस्त्यांवर पुढचा माणूस सारखं मागे बघू शकत नाही. मागे बघितलं की सायकल डुगडुगते. म्हणून प्रत्येक फाट्यानंतर पुढचा ओरडून विचारतो, "सगळे आहेत?" आणि जो सगळ्यांत शेवटी असेल, तो उत्तर देतो, "सगळे आहेत!"

उत्तर आलं की वेग वाढवायचा. बघायचं नाही, मोजायचं नाही. आवाजावर विश्वास ठेवायचा. मी सोळा वर्षांची असल्यापासून हेच करत आले.

दीड वाजता आम्ही एका शेतावरच्या कॅफेत थांबलो. टोस्टवर बीन्स, चहाची मोठी किटली. बाबा दोन्ही हातांनी कप धरून बसले होते.

"क्लाइव्ह, दमलास?" डिलिसने विचारलं.

"नाही गं."

"खोटं बोलतोस ते बोल, पण निदान माझ्या टोस्टकडे बघत बोलू नकोस."

बाबा हसले. मग खाली बघून हळूच म्हणाले, "जरा वारा नसता ना... वारा नसता तर जमलं असतं."

"मग ह्यूच्या मागे लाग," डिलिस म्हणाली. "त्याच्यामागे वादळातही मेणबत्ती विझत नाही."

"मी जे काही खातो ते तुमच्याच भल्यासाठी," ह्यू तोंडात टोस्ट कोंबत म्हणाला.

ज्यांनी सायकल लांबवर चालवली नाही त्यांच्यासाठी: समोरच्या सायकलच्या अगदी मागे राहिलं, की वारा तो खातो. मागच्याची चौथा हिस्सा मेहनत सहज वाचते. पुढे तीन-चार जण असतील तर त्याहून जास्त.

तिथून निघाल्यावर वारा समोरून होता.

माझे पाय भरून आले होते. बोटं बधिर. मी बाबांच्या मागे होते, पण ऑपरेशननंतर ते इतके बारीक झालेत की त्यांच्या मागे आडोसा म्हणून काही मिळतच नव्हता. वीस मिनिटं मी तो वारा अंगावर घेतला.

मग मागे रेंगाळलेला ह्यू शेजारून पुढे गेला.

आणि मी त्याच्या मागे लागले.

पाच मिनिटंच, असं मी मनाशी म्हटलं. बाबा वीस-पंचवीस फुटांवर होते. त्यांच्या साखळीचा आवाज येत होता.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आम्ही जुन्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, फाट्यावर आलो. तिथे रस्ता दुभंगतो. उजवीकडचा स्टॅनबॅच गावाला जातो. डावीकडचा चढत चढत एका बंद खाणीपाशी संपतो. तिकडे कुणी जात नाही.

आम्ही उजवीकडे वळलो.

मर्व्हिनने मान न वळवता विचारलं, "सगळे आहेत?"

मागून उत्तर आलं...

"सगळे आहेत!"

मर्व्हिनने वेग वाढवला.

सात मिनिटांनी दुसरा फाटा. "सगळे आहेत?"

"सगळे आहेत!"

त्यानंतर एक लांब चढ होता. मी मान खाली घालून ह्यूच्या मागच्या चाकाकडे बघत होते. डोकं रिकामं झालं होतं. माझ्या मागे टिक टिक टिक... पेडल थांबवल्यावर चाकाचा येतो तसा आवाज. मला वाटलं, बाबा आज चांगलेच टिकलेत.

तिसरा फाटा. "सगळे आहेत?"

"सगळे आहेत!"

स्टॅनबॅच गावात शिरताना माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. काहीतरी कमी होतं. काय, ते कळेना.

मग कळलं.

तो लांब चढ. दहा मिनिटांचा चढ, तोंडावर वारा.

बीप वाजलाच नव्हता.

मी मागे बघितलं.

रस्ता रिकामा होता.

मी ओरडले. सगळे बस थांब्यापाशी थांबले. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. आम्ही दोन मिनिटं वाट बघितली. मग पाच. फोनला रेंज नव्हती. रस्त्याकडेला एक मेंढी रवंथ करत आमच्याकडे बघत होती.

"शेवटी कोण होतं?" मर्व्हिनने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"उत्तर कोण देत होतं?"

"ब्रायनी," डिलिस म्हणाली.

"मी नाही."

"मग कोण? बाईचा आवाज होता."

"काहीतरीच," ह्यू म्हणाला. "तूच होतीस, डिलिस. मी म्हटलं, ही कधी मागे गेली?"

"मी तुझ्या पुढे होते, गाढवा! माझा पार्श्वभाग तासभर बघतोयस आणि मी मागे कशी असेन?"

मर्व्हिन ह्यूकडे बघत होता. "मला तर तुझा वाटला," तो हळू आवाजात म्हणाला.

तीन माणसं, तीन आवाज. आणि ज्यांचा वाटला, त्यांच्यापैकी कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

मला कुणाचा वाटला, असं डिलिसने विचारलं. मी खरं तेच सांगितलं. मी ओळखायचा प्रयत्नच केला नव्हता. उत्तर आलं, तेवढं मला पुरलं होतं. मी दमले होते.

आम्ही उलटे फिरलो.

आता वारा पाठीवर होता. उतार होता. तरी तो रस्ता मला कधी नव्हे इतका लांब वाटला. प्रत्येक वळणावर वाटायचं, बाबा आडवे पडलेले दिसणार. प्रत्येक वळणापुढे रिकामा रस्ता. कुंपणात एक तितर फडफडलं तर मी किंचाळलेच.

आईला काय सांगू, एवढंच डोक्यात. शब्द दिला होता आणि पाच मिनिटांच्या आडोशासाठी मोडला.

चॅपलच्या फाट्यावर मर्व्हिन उतरला. डावीकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरने सांडलेला ओला चिखल होता. तो वाकून बघत राहिला.

चिखलात चाकांची ताजी खूण होती.

एकाच सायकलची.

"तिकडे कशाला जाईल तो?" ह्यू पुटपुटला. "पस्तीस वर्षं इथे सायकल चालवतोय."

खाणीचा रस्ता चार मैलांचा. पूर्ण चढ. मध्ये एकही फाटा नाही, एकही घर नाही. आम्हाला वीस मिनिटांहून जास्त लागली. उजेड उतरत चालला होता.

शेवटच्या वळणानंतर खाणीचं लोखंडी गेट दिसलं.

बाबा गेटापाशी उभे होते. सायकल दोन पायांमध्ये, पाठ आमच्याकडे.

दोन्ही हातांनी ते गेट हलवत होते.

जोर लावून नाही. हळूहळू... कुणी आतून उघडायला येणारच आहे, अशा धीराने.

"बाबा!"

त्यांनी वळून बघितलं. चेहऱ्यावर लाली. मग आमच्याकडे, मग गेटाकडे, परत आमच्याकडे.

"अरे," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर कधी आलात?"

मी सायकल टाकून धावले. त्यांचा हात धरला. हातमोजे गंजाने लाल झाले होते. पण हात गरम होता. तीन अंशांत तासभर उभ्या माणसाचा असू नये, इतका गरम.

"कुठून बाहेर, बाबा?"

"आतून. तुम्ही आत गेलात ना सगळे. मी मागे होतो. मी येईपर्यंत गेट बंद. किती हाका मारल्या."

गेटाच्या आत वीस पावलांवर जमीन संपते. खाली खाणीत साठलेलं पाणी आहे, काळं, साठ फूट खोल. गेटाची साखळी इतकी जुनी, की कुलपाची कडीही गंजून एकजीव झालेली.

"क्लाइव्ह," मर्व्हिनने विचारलं, "तू फाट्यावर डावीकडे का वळलास?"

"तू वळलास म्हणून! तू विचारलंस, सगळे आहेत? मी म्हटलं, सगळे आहेत. तीनदा विचारलंस."

"या रस्त्याला फाटे नाहीत रे. मी तीनदा कशाला विचारेन?"

बाबा जरा विचारात पडले. मग खांदे उडवले. "तेच मला वाटलं. म्हटलं, मर्व्हिन म्हातारा झाला."



डिलिसने रेंज मिळेल तिथवर जाऊन नवऱ्याला व्हॅन घेऊन बोलावलं. आम्ही सायकली चढवत होतो तेव्हा मर्व्हिन माझ्याजवळ आला. त्याला बोलायचं होतं आणि नव्हतंही.

"एक सांगू का, पोरी? त्या चॅपलपाशी कधी कधी... मी विचारायच्या आधीच उत्तर येतं. वर्षातून एखाद वेळेस. मला वाटायचं, मागच्याला घरी जायची घाई आहे."

"किती वर्षं?"

"पंधरा असतील," तो म्हणाला, आणि चढत्या अंधाराकडे पाठ करून उभा राहिला.

त्या दिवसापासून आमच्या ग्रुपमध्ये कुणी काही विचारत नाही. मर्व्हिन प्रत्येक फाट्यावर उतरतो आणि बोटाने मोजतो.

रात्री मी बाबांच्या कॉम्प्युटरमधली नोंद उघडली. मला साधं उत्तर हवं होतं. ठोके भलतेच वाढले असतील, मेंदूला रक्त कमी पडलं असेल, भास झाला असेल. असं असतं तर मी शांत झोपले असते.

सकाळी, सपाट रस्त्यावर: ताशी बारा मैल, ठोके एकशेवीसच्या आसपास.

खाणीच्या रस्त्यावर, चार मैल चढ, समोरून वारा: ताशी सतरा मैल. वेग एकसारखा, जराही वर-खाली नाही.

ठोके शहाण्णव.

पट्टा बिघडला असेल म्हणून मी तो पट्टा स्वतःला लावून तपासला. तीनदा. दुसऱ्या यंत्राशी ताडून बघितला. पट्टा बरोबर होता. वेगाचं यंत्रही बरोबर होतं. मग मी कागदावर गणित मांडलं. त्या चढाला, त्या वाऱ्यात, त्या वेगाने जायला किती ताकद लागते. बाबांच्या अंगात ती नाही. माझ्याही नाही.

ते आकडे एकाच परिस्थितीत जरा जुळू लागतात. पुढे बरीच माणसं असतील तर.

दहा-बारा तरी.

पण चिखलात खूण एकाच सायकलची होती.

इथेच गोष्ट संपली असती तर मी लिहिलंच नसतं.

पुढच्या रविवारी बाबा एकटेच निघाले. आईला म्हणाले, गावाभोवती एक फेरी मारून येतो. एक वाजता परतले. ताजेतवाने. जेवणात दोनदा वाढून घेतलं. आई खूश. नर्सही खूश, म्हणाली, व्यायाम मानवतोय.

मी नोंद बघितली. चॅपल. डावीकडे. ठोके एक्क्याण्णव.

त्यापुढच्या रविवारी चौऱ्याऐंशी.

मी त्यांना सगळे कागद दाखवले. ते शेजारी बसले, चष्मा लावला, शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

"बाबा, तिकडे जाऊ नका."

"तुमच्याबरोबर मला दम लागतो गं," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "सगळे माझ्यासाठी थांबतात. माथ्यावर उभं राहून घड्याळ बघतात. तिकडे कुणाला थांबावं लागत नाही."

"तिकडे कोण आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पाठीच दिसतात," ते म्हणाले.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना परत आणायचं, एवढंच ठरवून. चॅपलपाशी ते डावीकडे वळले. मी मागे.

वारा समोरून. माझे ठोके एकशेअठ्ठेचाळीस. बाबा हळूहळू लांब जात होते. मी हाक मारायला तोंड उघडलं...

आणि वारा थांबला.

थांबला, म्हणजे माझ्यापुरता. कडेच्या शेतातलं गवत आडवं झालेलं दिसत होतं. टेकडीवरची झाडं हलत होती. पण माझ्या तोंडातून निघणारी वाफ सरळ वर जात होती, बंद खोलीत जावी तशी.

पाय आपोआप फिरू लागले. मी बाबांच्या चाकाला जाऊन चिकटले. चढ होता, पण चढ वाटेना. नोव्हेंबरपासून अंगात भरून राहिलेला शिणवटा... ती झोप न झालेली डोळ्यांमागची चुरचुर... सगळं निघून गेलं. माझ्या दोन्ही बाजूंना चाकांची टिकटिक होती. मागेही होती.

मला आजूबाजूला बघता आलं असतं. मी बघितलं नाही. बघितलं की हे संपेल, असं वाटलं.

वरच्या उघड्या माळावर रेंज आली आणि फोन वाजला. सवयीने मी ब्रेक दाबला, पाय टेकला, आणि वारा थोबाडीत मारल्यासारखा लागला. आईचा फोन होता. येताना पुदिन्याची चटणी आणायची होती.

"बाबा ठीक आहेत ना?" तिने विचारलं.

मी रस्त्याकडे बघितलं. बाबा वळणाआड गेले होते. त्यांनी एकदाही मागे बघितलं नव्हतं.

"ठीक आहेत," मी म्हटलं.

मी पुढे गेले नाही. रस्ता तोच होता, बाबा पुढे होते, आणि मी तिथेच उभी राहिले. एक वाजता ते घरी आले. त्यांचा आकडा एकाहत्तर होता. माणूस खुर्चीत बसलेला असताना असतो, तेवढा.

मी त्या आकड्यांचा आलेख काढलाय. ठिपके जवळपास सरळ रेषेत पडतात. ती रेषा पुढे नेली की कुठे टेकते, ते दिसतं. कुठल्या रविवारी, तेही. आईला मी तो कागद दाखवलेला नाही.

आज शनिवार आहे. बाबा खाली सायकलमध्ये हवा भरतायत. मघाशी त्यांनी जिन्यातून हाक मारून विचारलं, "ब्रायनी, येतेस का उद्या?"

मी अजून नाही म्हटलेलं नाही.